तारीख पक्की नसताना काढलेली तिकिटं

धाकट्या बहिणीचा दिल्लीहून फोन आला तेव्हा मी माहेरच्या गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीचं झाकण काढून आत किती पाणी उरलंय ते बघत होते. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं, नळ आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा, आणि संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असताना गल्लीत उन्हाळ्याच्या काळजीच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

"ताई, झालं गं," ती म्हणाली. "तोंडी परीक्षा झाली. गाईड बाहेर आले आणि मला त्यांनी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली."

मी झाकण तसंच उघडं टाकून खाली पळाले. आई भाकरी थापत होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि बहिणीनं सगळं पुन्हा सांगितलं. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट म्हणजे नेमकं काय, हे आईला पूर्ण उमगलं असेल असं नाही, पण लेकीचा आवाज तिला कळत होता. पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग कागद कवा देणार?"

"मे महिन्यात. मोठा समारंभ असतो, सगळ्यांसमोर नाव पुकारतात. आई, तुम्ही सगळ्यांनी यायचंय."

"येणार की!" दारात उभे असलेले वडील म्हणाले. "आन् इमानानं येणार."

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की जणू विमानानं जाणं हे आमच्या घरात नेहमीचंच होतं. खरं तर आमच्यापैकी कुणीच कधी विमानात बसलं नव्हतं. बहीणसुद्धा एवढी वर्षं रेल्वेच्या स्लीपर डब्यातून जात-येत होती.

विमान मात्र आमच्या ओळखीचं होतं. आमचं घर मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशन आणि विमानतळ यांच्या मधल्या वस्तीत. दादा मूळचे देवगाव रंगारीच्या बाजूचे. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि लहानगे दादा कडेला बसून तिथं मिळणारी सुकडीची गोडसर पूड ओंजळीत घेऊन खायचे. पुढं शहरात आले, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर झाले आणि हा एवढासा प्लॉट घेतला. तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि रात्री कोल्हे ओरडायचे, असं आई सांगते. माझ्या डोळ्यांदेखत त्या रानांवर आधी पत्र्याची घरं, मग दुमजली बंगले, मग लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. जालना रोड रुंद झाला, विमानतळाची नवी काचेची इमारत झाली. निवृत्त झाल्यावर दादा संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि डोक्यावरून खाली येणारं विमान दिल्लीचं का मुंबईचं ते आम्हाला सांगायचे.

तर आता त्या विमानात बसायचं ठरलं आणि तिकिटं काढायचं काम माझ्याकडं आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर माझं घर जवळच, दोन गल्ल्या सोडून, पण आईदादांचे सगळे बाहेरचे व्यवहार मीच बघायचे. मला वाटलं, फोनवर चार ठिकाणी बोटं दाबली की तिकीट निघेल. पण बघते तर भाव रोज वेगळा. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा, रविवारी तिसराच. तिघांचं जाण्यायेण्याचं म्हणजे आमच्यासाठी मोठी उडी होती. चुकीच्या वेळी काढून चालणार नव्हतं.

सल्ले मात्र फुकट होते. शेजारचे म्हणाले, मंगळवारी स्वस्त असतं. शाळेतले एक सर म्हणाले, "मॅडम, सारखं बघू नका. आपण बघतोय हे त्यांना कळतं, मग मुद्दाम वाढवतात." दादांचं मत होतं की थांबावं. "शेवटच्या आठवड्यात रिकाम्या सीटा राहतात. रिकामं इमान नेण्यापरीस कमी पैशात देतीलच ना ते." ते मंडईत संध्याकाळी भाजी आणायला जायचे, तोच हिशेब त्यांनी विमानाला लावला होता.

मी रोज सकाळी शाळेला निघण्याआधी भाव बघायला लागले. पंधराएक दिवसांत मला एक गोष्ट दिसली. मुंबईहून दिल्लीला दिवसाला कितीतरी विमानं जातात, तिथं भाव वर जातो तसा खालीही येतो. आमच्या गावातून दिल्लीला संध्याकाळचं एकच विमान. मे महिना म्हणजे सुट्ट्या आणि लग्नसराई. एकदा त्यातल्या कमी भावाच्या सीटा संपल्या की पुन्हा येणार नव्हत्या. दादांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग काढ की. अडलं कशाचं?"

अडलं दोन गोष्टींचं. पहिली, समारंभाची तारीख. विद्यापीठानं संभाव्य तारीख म्हणून एक दिवस कळवला होता, पण पक्कं पत्र आलं नव्हतं. आणि स्वस्तातलं तिकीट बदलायचं म्हटलं की जवळपास नवं काढल्यासारखंच. दुसरी गोष्ट, माझी शाळा. तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला होता. अशा वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत मुलांसाठी खिचडी शिजते आणि शिक्षकांना पाळीपाळीनं जावं लागतं. माझी पाळी मे महिन्यात कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी आईला म्हटलं, "दोन्हीकडून अधांतरी आहे. तारीख पक्की होऊ दे, मग बघू."

आई तेव्हा ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. ती तशी कमी बोलते, पण गल्लीत तिच्या शब्दाला वजन आहे. आदल्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येईल तसा आणि मागेल त्या भावात घ्यावा लागला, बायकांची भांडणं झाली. म्हणून या वर्षी तिनं हिवाळ्यातच गल्लीतल्या बायकांना गोळा केलं, सगळ्यांना घेऊन टँकरवाल्याकडं गेली आणि पूर्ण उन्हाळ्याचे वार आणि भाव ठरवूनच परतली. त्या बायका अजून ते कौतुकानं सांगतात.

ती म्हणाली, "तारीख पक्की व्हईल तवा भाव कुठं असंल?"

"लई वर."

"मग?"

"पण तारीख बदलली तर?"

"बदलली तर बदलली. दोन-चार दिवस इकडं नायतर तिकडं. आपण दिल्लीत तर आसू. शेवटच्या घटकेला भाव बघून तुझे दादा म्हणतील, तुम्ही जावा, मी ऱ्हातो घरी. त्यांना मी वळखते."

हे अगदी खरं होतं. दादा तसंच म्हणाले असते, आणि हसत हसत म्हणाले असते. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले.

"सर, सुट्टीतल्या खिचडीच्या पाळ्यांमध्ये सुरुवातीचे सगळे दिवस मला द्या."

त्यांनी चष्मा काढला. "सगळे? एकट्या येणार? एवढ्या उन्हात शहरातून रोज अपडाऊन करणार?"

"करते. पण नंतरचा एक आठवडा मला मोकळा पाहिजे." आणि मी त्यांना बहिणीचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. ते स्वतः खेड्यातून शिकून आलेले. बाकीच्या शिक्षकांना तिथल्या तिथं बोलावून त्यांनी पाळ्या ठरवून टाकल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, आज घरी जाऊन आधी तिकिटं काढा."

त्याच संध्याकाळी आईदादांना दोन बाजूंना बसवून मी तिकिटं काढली. संभाव्य तारखेच्या आदल्या दिवशी जायचं, समारंभाचा दिवस, मग एक दिवस दिल्ली बघायची आणि पुढच्या दिवशी दुपारच्या विमानानं परत. शेवटचं बटण दाबताना माझं बोट अडलं. दादा म्हणाले, "दाब, दाब. लहानपणी गॅस पेटवायला भ्यायचीस तशी भिऊ नको." तिकिटावर आमच्या शहराच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं होती. त्यांचा आमच्या गावाच्या नावाशी काय संबंध, असं दादांनी दोनदा विचारलं. मला सांगता आलं नाही.

त्यानंतर खरी मजा सुरू झाली. तिकिटं हातात असूनही दादा मला रोज भाव विचारायचे. होळीपर्यंत तो चांगलाच चढला. पाडव्याला अजून वर गेला. एप्रिलच्या मध्याला तर तो असा होता की तेवढ्यात आमच्यातले दोघंच जाऊ शकले असते, तेही फक्त जायला. दादा ते ऐकून मांडीवर थाप मारायचे आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचे, "आमच्या थोरलीनं बराबर येळ साधली बघा." मी तिथून जायला लागले की टपरीवरचे लोक माझ्याकडं वळून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मे उजाडला. सकाळी सातची एसटी पकडून मी शाळेच्या गावी जायचे. शाळेच्या पटांगणातलं कडुलिंबाचं झाड तेवढं हिरवं राहिलं होतं. मुलं घरून ताटल्या घेऊन यायची, जेवायची आणि ऊन चढायच्या आत परत जायची. काही आया लहान बाळांनाही सोबत पाठवायच्या. आम्ही कुणाला परत पाठवलं नाही. मुलींना मी बहिणीची गोष्ट सांगितली होती. ही मॅडमची बहीण अशाच शाळेत शिकली, खिचडी खाल्ली आणि आता डॉक्टर झाली, हे त्यांना फार भारी वाटायचं. "सुई देत्यात का त्या?" एकीनं विचारलं. मी सांगितलं, ही वेगळी डॉक्टर, प्रयोगशाळेतली. तिनं मान हलवली, पण सुई न देणारी डॉक्टर तिला काही पटली नाही.

माझे खिचडीचे दिवस संपत आले होते तेव्हा बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच मी ओळखलं.

"ताई, तारीख बदलली. दोन दिवस पुढं गेली."

मी बोटांवर मोजलं. समारंभ आता आमच्या परतीच्या दिवशीच होता. सकाळी समारंभ, दुपारी विमान.

"आणि अजून एक," ती म्हणाली, "पाहुण्यांचे पास दोनच मिळतात म्हणे."

नवी तिकिटं काढायचा भाव मी बघितला आणि फोन पालथा ठेवला. आईदादांना सांगताना माझा आवाज चढला, विद्यापीठाला मी नको ते बोलले. दादांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग ते बहिणीशी फोनवर बोलले.

"तुझं नाव कितव्या नंबरला पुकारणार?"

"दादा, डॉक्टरेटवाल्यांना आधी बोलावतात. अकरापर्यंत माझं होऊन जाईल."

"मग काय अडचण हाय? आम्ही पिशव्या घेऊनच समारंभाला येतो. तिथून थेट इमानतळावर." फोन ठेवून ते मला म्हणाले, "उलट चांगलं झालं. आता आधीचे दोन दिवस पोरीसंगं निवांत मिळतील."

पासचा प्रश्न मीच सोडवला. आत आई आणि दादा जाणार. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

निघायच्या दिवशी आईनं नवी मोतिया रंगाची साडी नेसली. दादांनी पांढरा शर्ट घातला, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून रिक्षात ते ताठ बसून होते. विमानात खिडकीची जागा दादांची. विमान धावायला लागलं तसा आईनं माझा हात घट्ट धरला. जमीन सुटली, इमारती लहान झाल्या, आणि दादा एकदम ओरडले, "ती बघ आपली टाकी! निळी!" पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. आईनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "झाकण लावलंय का?" आम्ही तिघंही हसत सुटलो आणि तिची भीती तिथंच गेली. वरून मी पहिल्यांदा आमचं शहर बघितलं. जिथवर नजर जात होती तिथवर घरं पसरली होती आणि त्यांच्या पलीकडं सगळी करडी, भाजलेली जमीन. तलाव असायला हवे तिथं पांढरे डाग होते.

दिल्लीतल्या त्या दोन दिवसांत आम्ही फार काही पाहिलं नाही. आईला विद्यापीठ बघायचं होतं. एवढी वर्षं लेक राहिली ती खोली, जेवली ती जागा, बसली ते झाड. बहिणीनं आम्हाला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या नळ्या आणि बाटल्यांमध्ये आई हात मागं बांधून उभी राहिली, कशाला धक्का लागू नये म्हणून. दादा मात्र एका कोपऱ्यातल्या यंत्रापाशी थांबले.

"हा व्हॅक्यूम पंप. व्हय ना?"

बहीण हसली. "हो दादा. आणि हा बंद पडला की मी तुम्हाला फोन करायची, आठवतं? आवाज ऐकवायची फोनवर."

मला हे माहीतच नव्हतं. तेवढ्यात तिचे गाईड आले. पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ. बहिणीनं ओळख करून दिली तशी त्यांनी दादांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हिंदीत म्हणाले, "आपल्या मुलीची एक सवय मला फार आवडते. यंत्र बिघडलं तर ती कुणाची वाट बघत बसत नाही, स्वतः उघडून बघते. हे ती कुठं शिकली असेल, असं मला नेहमी वाटायचं." दादा आपल्या औरंगाबादी हिंदीत म्हणाले, "घर में एक ही पाना था साहब, इसीच के हाथ में रहता था." गाईड मोठ्यानं हसले. मग कितीतरी वेळ ते दोघं पंपाच्या तेलाबद्दल बोलत उभे होते.

समारंभाच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन भाजत होतं. पिशव्या आत नेता येत नव्हत्या. आईदादा पास दाखवून आत गेले. आई दोनदा मागं वळली. मी त्यांना हात केला आणि सभागृहाबाहेरच्या लिंबाखाली तीन पिशव्या मांडून बसले. बाहेर कर्णे लावले होते. भाषणं झाली, ती मी अर्धीमुर्धी ऐकली. सारखी घड्याळाकडं बघत होते. मग नावं पुकारायला सुरुवात झाली.

एकेक नाव यायचं, टाळ्या यायच्या. आणि मग तिचं नाव आलं, पूर्ण. आधी तिचं, मधे दादांचं, शेवटी आमचं आडनाव. कारखान्याच्या हजेरीवर लागायचं ते नाव, रेशनकार्डावरचं नाव, दिल्लीच्या त्या मोकळ्या आवारात एवढ्या मोठ्यानं घुमलं की झाडावरचे पोपट उडाले. मी उठून उभी राहिले. बाहेर टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते. गेटवरच्या सुरक्षारक्षक बाईंनी विचारलं, "कौन है आपकी?" मी म्हटलं, "बहन है. छोटी." मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी आत नव्हते याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. माझ्याजवळ ती पहिलीत असताना पाटीवर अक्षरं गिरवायला बसायची. आता तिचं नाव मी असं ऐकत होते की मधे एकही डोकं, एकही खांदा आड येत नव्हता.

थोड्या वेळानं ती तिघं जवळजवळ धावतच बाहेर आली. बहिणीच्या खांद्यावर विद्यापीठाचं केशरी काठाचं उपरणं होतं आणि हातात पदवी. तिनं पदवी माझ्या हातात दिली. मी वाचली, आईनं त्यावरून नुसती बोटं फिरवली. फोटो काढायला वेळ नव्हता, सुरक्षारक्षक बाईंनीच आमचा चौघांचा एक काढला. टॅक्सी आली. दादा बसायला लागले तेव्हा बहिणीनं आपलं उपरणं काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"अगं, हे तुझं हाय."

"असू द्या. मला परत द्यायला सांगतील तेव्हा बघू."

विमानतळावर तपासणीला उपरणं काढावं लागलं, तेवढ्यापुरतंच ते त्यांनी काढलं. विमानात चढताना हवाई सुंदरीनं विचारलं, "सर, कुठला समारंभ होता का?" दादा थांबले. मागं रांग खोळंबली होती. त्यांनी सांगितलं, माझी मुलगी डॉक्टर झाली, पीएचडी, आणि हे तिचं आहे. मग ते स्वतःच बाजूला सरून म्हणाले, "चला, चला, लोकं थांबलेत." आपल्या जागेवर बसल्यावर ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, कारण त्यांना ते नको होतं हे मला समजलं.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. टँकर मधे उभा होता, पाईप टाकले होते, बायका हंडे आणि ड्रम घेऊन रांगेत होत्या. आईला बघताच त्यांनी गिल्ला केला. आईनं पिशवी माझ्याकडं दिली, साडीचा पदर खोचला आणि आमच्या ड्रमजवळ जाऊन पाईप हातात घेतला.

"अवो, नव्या साडीवर!" एक जण ओरडली.

"भिजू दे," आई म्हणाली. मग पाणी पडत असतानाच तिनं सांगायला सुरुवात केली. सभागृह केवढं, लोक किती, पंखे कसे, साहेब कसा उभा राहून पोरींना पदवी देत होता. आमची लेक मंचावर कोणत्या बाजूनं चढली, तेही. बायका कळशा खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरून चाकाला टेकला आणि तोही ऐकायला लागला. दादा घराच्या पायरीवर उपरणं घेऊन उभे होते आणि आई कुठं काही विसरली की तिथून दुरुस्ती करत होते.

"उजव्या नाय, डाव्या बाजूनं चढली ती."

"तेच सांगतेय," आई म्हणाली, "तुम्ही मधे बोलू नका. अजून नाव पुकारलंच नाय मी."